आमच्या घरची १९६६ सालची यादी

डिसेंबर सरत आला की वर्तमानपत्रांतून सरत्या वर्षाच्या याद्या येऊ लागतात. उत्तम चित्रपट, उत्तम पुस्तके, उत्तम गाणी. त्या वाचताना मला दरवर्षी आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या घरची काळ्या पुठ्ठ्याची वही आठवते. त्या वहीत आमच्या कुटुंबाने सलग तेरा वर्षे, त्या त्या वर्षातली दहा उत्तम गाणी लिहून ठेवली. पहिली यादी १९५८ सालची, शेवटची १९७० सालची. पुढे ताईचे लग्न झाले, भाऊ नोकरीसाठी भिलाईला गेला आणि वही कपाटात पडली. आता ती माझ्या टेबलावर आहे. ह्या लेखाचा विषय तिच्यातल्या एकाच पानाचा आहे. ते पान १९६६ सालचे असून माझ्या हस्ताक्षरात आहे.

यादीची कल्पना वडिलांची. आम्ही त्यांना नाना म्हणत असू. नाना एका कापड गिरणीत हिशेबनीस होते. रोजकीर्द, खतावणी, वर्षअखेरीचा ताळेबंद ह्यांत त्यांचे आयुष्य गेले आणि घरातल्या करमणुकीलाही त्यांनी तेच वळण लावले. निमित्त अर्थात रेडिओ सिलोनचे. आजच्या वाचकाला हे सांगायला हवे की त्या काळी चित्रपटगीत ऐकण्यासाठी आपल्याच देशाचे केंद्र पुरे पडत नसे. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. शास्त्रीय संगीताचे ते कट्टर अभिमानी. त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरची चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली आणि श्रोते समुद्रापलीकडच्या कोलंबोकडे वळले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. १९५७ साली विविध भारती आली खरी, पण बुधवारी रात्री आठ वाजता अमीन सायानींचा आवाज लागला की आमच्या वाड्यातल्या चारही बिऱ्हाडांत तोच आवाज घुमे. एक मराठी मंत्री गाण्यांना दार बंद करतो आणि त्यामुळेच मराठी घरे परक्या देशाचे केंद्र लावून बसतात, ही गंमत नाना पुष्कळदा सांगत.

गीतमालेची वर्षअखेरीची यादी नानांना मात्र पसंत नसे. "खपावरून गुण ठरत नाहीत," असे ते म्हणत. म्हणून आमची स्वतःची यादी. तिचे नियम वहीच्या पहिल्याच पानावर त्यांनी लिहून ठेवले आहेत. गाणी दहाच. चित्रपट किंवा नाटक त्याच सालचे हवे. दहांपैकी दोन जागा मराठी गाण्यांसाठी राखीव. बैठक ३१ डिसेंबरच्या संध्याकाळी. मतदार म्हणजे नाना, धाकटे काका, ताई, भाऊ आणि बाराव्या वर्षापासून मी. आईला मत नव्हते असे कुठेही लिहिलेले नाही. पण नाव मतदारांत नव्हते, एवढे खरे. बुधवारी आठ ही तिची भाकऱ्यांची वेळ. ती गाणी ऐकत असे ती स्वयंपाकघरातून, तव्यावरच्या आवाजाच्या आडून.

दोन जागा मराठीसाठी का राखाव्या लागल्या, हे महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. होळकरशाहीत आमचे पूर्वज कोकणातून इकडे आले. घरात बोलणे मराठी, बाजारात माळवी, शाळेत हिंदी. हिंदी गाणे आपल्या पायांनी घरात येई. मराठी गाणे मात्र मुद्दाम आणावे लागे. रात्री मुंबई केंद्र लागले तर 'आपली आवड' ऐकू येई, तीही लाटेसारखी चढत-उतरत. कुणी पुण्या-मुंबईहून तबकडी आणली तर ती चारही बिऱ्हाडांत फिरे. त्यामुळे त्या दोन जागा भरताना दरवर्षी ओढाताण होई. तीन वर्षांच्या पानांवर त्यांतली एक जागा कोरी आहे. १९६६ हे त्यांपैकीच एक.

ते साल तसे कठीण होते. जानेवारीत ताश्कंदला लालबहादूर शास्त्री गेले. पावसाने दगा दिलेला, रेशनवर लाल गहू, जूनमध्ये रुपयाचे अवमूल्यन. नानांच्या गिरणीतही काही महिने अर्धा पगार होता. आणि नेमके त्याच साली गाण्यांचे अमाप पीक आले. वहीतले पान समोर ठेवून सांगतो.

पहिल्या स्थानी 'गाईड'. ह्याबद्दल वाद झालाच नाही. सचिनदेव बर्मन आजारातून उठून कामाला लागले होते आणि तरीही एकाच चित्रपटात त्यांनी लोकसंगीत, नृत्यसंगीत आणि रफींचे ते रात्रीचे एकाकी गाणे, सारे सारख्याच ताकदीने उभे केले. दुसऱ्या स्थानी 'तीसरी कसम'. फणीश्वरनाथ रेणूंच्या कथेवरचा हा चित्रपट गीतकार शैलेंद्र ह्यांनी स्वतः काढला आणि तो चालला नाही. १४ डिसेंबरला शैलेंद्र गेले. तो बुधवारच होता. 'गाईड'ची गीतेही त्यांचीच, म्हणजे आमच्या यादीतली पहिली दोन्ही स्थाने नुकत्याच गेलेल्या कवीची होती. पुढे 'तीसरी कसम'ला त्या वर्षीच्या उत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण तो पाहायला ते नव्हते.

तिसरे 'अनुपमा'. ही ताईची निवड. हेमंतकुमारांच्या चालीवर लताबाई इतक्या हळू गायल्या आहेत की शेजारच्या खोलीत कुणी निजले असावे असे वाटते. ह्या चित्रपटातली मुलगी वडिलांसमोर तोंडातून शब्द काढत नाही. नानांना तो फार आवडला होता. चौथे 'ममता', संगीत रोशन ह्यांचे. लता आणि हेमंतकुमार ह्यांचे त्यातले द्वंद्वगीत अजूनही देवघरातल्या समईसारखे संथ जळत असते. पाचवे 'मेरा साया', मदनमोहन ह्यांचे. राजा परांजपे ह्यांच्या 'पाठलाग' ह्या १९६४ सालच्या मराठी चित्रपटावरून हा बेतलेला, म्हणून काकांनी तो मराठीच्या राखीव जागेत धरावा अशी सूचना मांडली होती. नानांनी ती हसून फेटाळली.

सहावे 'आखरी खत', खय्याम ह्यांचे. राजेश खन्ना ह्यांचा हा पहिला चित्रपट, पण तेव्हा त्यांचे नाव कुणाला ठाऊक नव्हते. यादीत तो आला तो लताबाईंच्या गाण्यासाठी. सातवे 'तीसरी मंझिल', भाऊची निवड. राहुलदेव बर्मन ह्यांच्या ह्या संगीताला नाना "पत्र्यावर पडणारा पाऊस" म्हणत. भाऊने त्या दिवशी ठासून सांगितले, की पुढची वीस वर्षे हाच पाऊस पडणार आहे. तो खरा ठरला. पहिल्या स्थानावर बाप आणि सातव्यावर मुलगा, हे मात्र त्या वेळी कुणाच्या लक्षात आले नाही. आठवे 'सूरज'. शंकर-जयकिशन ह्यांचे रफींनी गायिलेले गाणे त्या वर्षी गीतमालेत पहिले आले, आणि पुढे फिल्मफेअरचे संगीताचे पारितोषिक 'गाईड'ला न मिळता 'सूरज'ला मिळाले. लग्नाच्या वरातीत ते आजही वाजते. नानांनी त्याला आठव्यावर बसवले, कारण "लोकमताला अगदी डावलू नये."

नववे मराठी, जितेंद्र अभिषेकी ह्यांच्या संगीताचे 'ययाति आणि देवयानी' नाटकातले पद. शिरवाडकरांचे हे नाटक त्याच वर्षी गोवा हिंदु असोसिएशनने रंगभूमीवर आणले. आमच्यापैकी फक्त काकांनी ते मुंबईत पाहिले होते. तबकडी नाही, रेडिओवर कुणी ऐकलेले नाही. काकांनी बैठकीत ते पद स्वतःच म्हणून दाखवले. काकांचा गळा बेताचा, तानेच्या जागी ते हात फिरवत. पण त्या हातवाऱ्यांवर भरवसा ठेवून आम्ही पदाला नववी जागा दिली. (पुढे खरे पद ऐकले तेव्हा कळले, की काकांनी अभिषेकीबुवांवर फारसा अन्याय केला नव्हता.)

दहावी जागा राहिली. ती मराठीची. कुणालाच काही सुचेना. त्या वर्षी ३१ डिसेंबर शनिवारी आला होता. आईचा शनिवारचा उपास. ती स्वयंपाक आटोपून पदराला हात पुसत दारात येऊन उभी राहिली आणि मला म्हणाली,

"माझं एक लिहितोस का?"

तिने असे पूर्वी कधी म्हटले नव्हते. नानांनी मान वर केली. "कोणतं?"

"ते ऐरणीचं. 'साधी माणसं'मधलं."

मी शाईने लिहून टाकले. नाना क्षणभर थांबले आणि म्हणाले, "तो चित्रपट मागल्या सालचा. १९६५चा. ज्या सालचा जमाखर्च त्याच सालात. खोड ते."

ताई म्हणाली, "नाना, 'गाईड'सुद्धा मागच्याच सालचा ना?"

"तो आपल्याकडे ह्या साली लागला."

"आईनंही 'साधी माणसं' ह्याच साली पाहिला की."

"कोल्हापुरात पाहिला. आपल्याकडे नाही."

पुढे कुणी बोलले नाही. मी पट्टी घेतली आणि त्या ओळीवर सरळ रेघ मारली. आई "बरं" म्हणाली आणि पाने घ्यायला आत गेली. दहावी जागा कोरीच राहिली.

एवढीच घटना. तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. नियम पाळला गेला ह्याचे मला समाधानच वाटले असावे, कारण रेघ अगदी नीट आहे.

कोल्हापूर हे आईचे माहेर. त्या उन्हाळ्यात ती आठ वर्षांनी माहेरी गेली होती. आजोबा अंथरुणाला खिळले होते. महिनाभर तिने त्यांचे सारे केले. एका दुपारी मावशीने बळेच तिला थिएटरात नेले. चित्रपट भालजी पेंढारकरांचा, म्हणजे कोल्हापूरच्या मातीतला. त्यातले लोहाराच्या भट्टीपुढचे ते गाणे तिने एकदाच ऐकले आणि घेऊन आली. तिकडून परतल्यावर भाकरी थापताना ती ते गुणगुणत असे. हाताची थाप आणि गाण्यातला घण ह्यांची लय तशी जुळतेही. श्रावणात आजोबा गेल्याचे पत्र आले. त्यानंतर काही दिवस गुणगुणणे थांबले, मग पुन्हा सुरू झाले. हे सारे माझ्या डोळ्यांसमोर घडले होते. पण चौदाव्या वर्षी आईच्या गुणगुणण्याचा आणि आजोबांच्या पत्राचा संबंध लावण्याची अक्कल मला नव्हती. तिच्या लेखी १९६६ सालचे गाणे तेच होते. दुसरे असूच शकत नव्हते.

नानांवर राग धरावा, तर तेही मला जमत नाही. 'आपल्याकडे' हा शब्द त्यांच्या तोंडी सहज आलेला नव्हता. महाराष्ट्रात गेले की नातेवाईक आम्हांला 'इंदूरकडचे' म्हणत, आमच्या बोलण्यातले हिंदी शब्द वेचून हसत. आणि इथे पाच पिढ्या राहूनही शेजाऱ्यांच्या लेखी आम्ही 'दक्षिणी'. इंदूर हेच आपले गाव, इथे जे पोहोचले तेच आपले, असे नानांनी मनाशी ठरवून टाकले होते आणि वहीच्या नियमांतही तेच होते. त्यांचा अभिमान मला समजतो. फक्त त्या 'आपल्याकडे'त आईचे कोल्हापूर बसत नव्हते, आणि लग्न होऊन वीस वर्षे झालेली बाई आपल्या मनात दोन गावे बाळगून असते, हे त्यांच्या हिशेबात कधी आले नाही. काकांच्या हातवाऱ्यांवर मुंबईचे पद आत आले. आईचे गाणे मात्र कोल्हापूरच्या वेशीवर अडले.

ह्या गोष्टीला आणखी एक पदर आहे, तो पुष्कळ उशिरा कळला. 'साधी माणसं'च्या श्रेयनामावलीत संगीतकाराचे नाव 'आनंदघन' असे आहे. गीत जगदीश खेबुडकरांचे. हे आनंदघन कोण, हे आमच्या बैठकीत कुणाला ठाऊक नव्हते. ते टोपणनाव खुद्द लता मंगेशकरांचे. 'मोहित्यांची मंजुळा', 'मराठा तितुका मेळवावा', 'साधी माणसं', 'तांबडी माती' ह्या भालजींच्या चित्रपटांना त्यांनी ह्याच नावाने संगीत दिले. 'साधी माणसं'ला महाराष्ट्र शासनाचा संगीताचा पुरस्कार मिळाला, तेव्हा नाव पुकारले तरी त्या जागेवरून उठल्या नाहीत. आनंदघन म्हणजेच लताबाई हे निवेदकाला सांगावे लागले, अशी हकिकत सांगतात. आणि लताबाईंचा जन्म कुठला? २८ सप्टेंबर १९२९, इंदूर. शीख मोहल्ला आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. 'आपल्याकडे' पोहोचले नाही म्हणून जे गाणे आम्ही खोडले, त्याची चाल आमच्याच गावात जन्मलेल्या मुलीने बांधलेली होती. नानांना हे कळले तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग आईला म्हणाले, "अहो, तुमच्या त्या गाण्याची चाल लताची आहे म्हणे." आई म्हणाली, "असेल." वहीचा विषय दोघांनीही काढला नाही. नाना १९८४ साली गेले, आई १९९१ साली.

गेल्या डिसेंबरात नात हैदराबादहून आली होती. तिने वर्षभरापूर्वी आपला जुना फोन मला दिला होता आणि त्यावर गाणी कशी लावायची हे शिकवले होते. आता वर्षअखेरीला हे फोन प्रत्येकाची स्वतंत्र यादी करून देतात, सरत्या वर्षात आपण कोणते गाणे किती वेळा ऐकले त्याची. तिने स्वतःची यादी मला ऐकवली. त्यातल्या पाच गाण्यांपैकी तीन मला कळली नाहीत, चौथे आवडले आणि पाचवे निघाले १९७१ सालचे, किशोरकुमारांचे. मी म्हटले, "हे कसं? हे काही ह्या सालचं नव्हे."

ती म्हणाली, "आबा, मी ह्या साली ऐकलं ना! फोन गाण्याचं साल बघत नाही, आपण कधी ऐकलं ते बघतो."

मग तिने माझ्या फोनवरची यादी काढली. माझी समजूत होती की मी बहुतेक 'गाईड' आणि 'ममता' ऐकतो. यादीत पहिले होते ते ऐरणीचे गाणे. दुपारी जेवणानंतर एकटा असलो की मी ते लावतो, हे मला ठाऊक होते. पण इतक्या वेळा लावतो हे ठाऊक नव्हते. नातीने विचारले, "हे कुणाचं आवडतं?" तेव्हा मी कपाटातली वही काढली आणि पान दाखवले. तिने खोडलेल्या ओळीवरून बोट फिरवले आणि म्हणाली, "पट्टीनं खोडलंय!"

त्या रात्री पुष्कळ वेळ झोप आली नाही. वर्षाचे उत्तम गाणे कसे ठरवावे? गीतमालेने ते मागणीवरून ठरवले, फिल्मफेअरने परीक्षकांवरून, नानांनी सालावरून. तिन्ही रीती आपापल्या जागी ठीक आहेत. 'गाईड' आणि 'सूरज' ह्यांत थोर कोण, ह्यावर अजूनही लोक भांडतात आणि ते भांडण गोड आहे. पण गाणे ज्या सालात आपल्याला लागते ते साल त्याच्या तबकडीवर छापलेले नसते. आपल्यासारख्या, मूळ गावापासून लांब राहिलेल्या घरांना तर हे अधिकच लागू आहे. मराठी गाणे आपल्यापर्यंत कधी वेळेवर पोहोचले? ते वर्षाने, दोन वर्षांनी, कुणाच्या तरी सामानातून, कुणाच्या तरी गळ्यातून येत राहिले. 'साधी माणसं'चे गाणे आमच्या घरी जून १९६६ मध्ये आले, आईच्या तोंडून. तबकडी नंतर दहा वर्षांनी आली. नानांच्याच नियमाने पाहिले तरी ते त्या सालात 'आपल्याकडे' पोहोचलेले होते. रोज संध्याकाळी ते स्वयंपाकघरात वाजत होते. आम्ही पाचही मतदार ते ऐकत होतो आणि कुणी मोजत नव्हतो.

आज यादी नव्याने करायची तर मी 'तीसरी मंझिल' वर नेईन, दुसऱ्या नाही तरी तिसऱ्या जागी. भिलाईत निवृत्त झालेल्या भाऊचे ते देणे आहे. 'सूरज' राहू देईन. 'अनुपमा' आहे तिथेच. बाकीचे पान हलवण्याचे कारण दिसत नाही. नानांचा कान उत्तम होता.

दहाव्या जागेचे मात्र मी परवा करून टाकले. शाईचे पेन शोधले, चष्मा लावला आणि आकड्यापुढे ऐरणीचे गाणे लिहिले. कंसात आईचे नाव. बडोद्याला ताईला फोन करून सांगितले. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आणि खोडलेली ओळ?"

ती तशीच आहे. ती रेघ माझ्या हातची आहे.